खालाचा मर्फा

औशात सगळे जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत तिनं बँडमधल्या कुणाला कधी नावानं हाक मारली नाही. पोटची पोरंसुद्धा तिच्या तोंडी वाद्यंच होती. "ए क्लॅरोनेट, भाकर खा." "सॅक्सोफोन कुठं मेला?" क्लॅरोनेट म्हणजे थोरला रशीद, सॅक्सोफोन म्हणजे धाकटा यासीन. नवरा वारल्यावर तिनं बँड हातात घेतला आणि डफ गळ्यात अडकवून वरातीपुढं चालायला लागली. बाईमाणसाला हे शोभतं का, अशी गल्लीत बरीच चर्चा झाली. तिच्यासमोर बोलायची छाती मात्र कुणाची झाली नाही.

घराणं हबशी. पूर्वज आफ्रिकेतून येऊन निजामाच्या घोडदळात लागलेले, तिथून औशाच्या किल्ल्यावर नेमलेले. घोडे गेले, निजाम गेला, मागे मर्फा राहिला. मर्फा म्हणजे त्यांचा ढोल-डफांचा पिढीजात ठेका. पोरांचा रंग आणि कुरळे केस बघून प्रत्येक वरातीत कुणी ना कुणी घाण बोलायचंच. यासीन चिडायचा. खाला सांगायची, "त्यांना बोलू द्या. ठेका सुटला तर मी बोलेन." तिचं बोलणं डफ वाजवायच्या टिपरूनं व्हायचं, आणि पाठीवर उमटायचं.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा लग्नं वाजंत्रीशिवायच उरकायला लागली. बँड खडी फोडायला गेला. तिथं रशीदच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडाखाली सापडली आणि दवाखान्यात ती काढावी लागली. खाला खाटेपाशी आली, पट्टी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ढोलाला बोटं लागत न्हाईत. आजपासून तू ढोल." रशीद उशीत तोंड खुपसून रडला. ती पदर सावरून घरी गेली आणि त्याचं क्लॅरोनेट पुसून माझ्या हातात दिलं. मी तोवर बँडमधला नव्हतो, पण रशीदकडंच हौसेनं वाजवायला शिकलो होतो. त्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या त्या वाद्यावर फुंकताना पहिले काही दिवस मला श्वास पुरत नसे.

आम्ही बौद्ध. धम्म घेतल्यावर माझ्या वडिलांनी हलगी खाली ठेवली होती आणि गावकीची कामं सोडली होती. मी बँडमध्ये गेल्याचं कळताच ते तडक खालाच्या दारात आले. म्हणाले, "आमी हलगी टाकली ती पोरानं लोकाच्या वरातीत फुंकावं म्हणून न्हाई." खालानं त्यांना बसायला बाज टाकली, स्वतः खाली बसली. "तुमी टाकली, लई चांगलं केलं. आमाला टाकता आली न्हाई. माझ्या बँडमध्ये ह्याला कुणापुढं वाकावं लागलं तर त्याच दिवशी घेऊन जावा." वडील पाणी पिऊन परत गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

यासीन मधली काही वर्षं हैदराबादला होता. तिथल्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यानं जॅझ उचललं आणि येताना जमैकातल्या काळ्या लोकांच्या रेगे संगीताची एक कॅसेट आणली. खालानं ती डोळे मिटून ऐकली. ठोका जिथं पडायला हवा तिथं न पडता मागून हळूच येत होता. ती म्हणाली, "हे आपलंच हाय. ह्यांच्याकडं कसं गेलं?" मग दोघं मायलेक बसले आणि मर्फ्याचा ठेका, त्यावर तो मागून येणारा ठोका, आणि वर यासीनचा मोकाट सॅक्सोफोन असं एक वाजवणं तयार झालं. ते वाजवताना मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. वाजवून झाल्यावर मात्र ती त्याला म्हणाली, "चांगलं वाजवतोस असं कुणी म्हणलं तर समज, त्याला कळत न्हाई."

लातूर जिल्हा झाला. मिरवणुकीसाठी आम्हाला बोलावणं आलं आणि यासीननं महिनाभर आमच्याकडून तेच घोटून घेतलं. नवे गणवेश शिवले. लातूरला पोचलो तर वाजवायला बँड सोलापूरहून आलेला. आमच्यासाठी एक ट्रक सजवला होता. ट्रकवर गवताची झोपडी, झाडाच्या फांद्या, आणि कमरेला बांधायला गवताच्या झालरी. हा देखावा मागासलेल्या काळाचा. मागच्या ट्रकवर ट्रॅक्टर आणि शाळेच्या मुली, म्हणजे नवा जिल्हा. एक कार्यकर्ता अंगाला फासायच्या काळ्या रंगाचा डबा घेऊन आला, आमच्या पोरांकडं बघून म्हणाला, "ह्यांना लागतच न्हाई की." सगळे हसले.

यासीन म्हणाला, "अम्मी, मैं नै पैनता."

खालानं झालर उचलली, लुगड्यावरून कमरेला बांधली आणि ट्रकवर चढली. रशीदनं मान खाली घालून बांधली. यासीन हलला नाही. ती खाली उतरली आणि हातातलं टिपरू तिनं त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. गणवेशावर रक्त सांडलं. "आता फुंकता यायचं न्हाई," ती म्हणाली, "नाच तर येईल. चढ." त्यानं सॅक्सोफोनची पेटी उचलली आणि गर्दीत शिरला. मी झालरीला हात घातला तर तिनं ती हिसकावली. "तू न्हाई. तुझ्या बापाला जबान दिली हाय. मागून चालत वाजव."

मी ट्रकमागून चाललो. यासीनचं वाजवणं यासीनशिवाय वाजलं. लोक नाचले, फुटाणे फेकले. परतताना मी तिला विचारलं, का केलंस? औशात उतरताना ती म्हणाली, "दुष्काळात दारात कुणी उभं करत नव्हतं. आज समद्या लातुरानं माझा मर्फा ऐकला. कशात ऐकला ते त्यांचं त्यांना."

यासीन पुढं मुंबईला, मग कुठल्याशा जहाजावर वाजवायला गेला. बरीच वर्षं त्याचा निरोप आला की ती म्हणायची, नाव चुकलं असेल, पुढच्या गल्लीत विचारा. मी नांदेडला नोकरीला लागलो. बँड रशीदनं ओढला तितका ओढला.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा रशीदनं तार केली आणि यासीन आला. मीही होतो. त्याच्या अंगात कोट, पायात चकचकीत बूट, वरच्या ओठावर पांढरी रेघ. तो खाटेजवळ बसला, "अम्मी" म्हणाला. खालानं त्याच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलं आणि रशीदला म्हणाली, "पाहुण्याला चहा द्या."

यासीननं तो चहा सगळा संपवला. कपबशी सरळ कोपऱ्यात ठेवली, रशीदला मिठी मारली आणि निघाला. गल्लीतल्या फरशीवर त्याच्या बुटांचा आवाज दूरवर ऐकू येत राहिला. तो आवाज विरल्यावर भिंतीकडं तोंड ठेवूनच खालानं विचारलं, "साखर बराबर घातली होती ना?"