गाव न्हाई, साबर हाय

मला प्रश्न विचारायची खोड आहे. आमचे हे मला घरातली चौकशी खिडकी म्हणतात, आणि वर सांगतात की सरकारी खिडकी निदान जेवणाच्या सुट्टीत तरी बंद असते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले तरी ती खोड काही गेली नाही. त्यामुळे राहुरीजवळच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, पॅलेस्टाईनचा एक मुलगा भाडेकरू म्हणून राहायला आला, तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला आधीच सावध केलं असणार.

तो कृषी विद्यापीठात डाळिंबावर संशोधन करायला आला होता. इंग्रजी चांगलं, हिंदी कामापुरतं, आणि मराठी शिकला ती प्रयोगाच्या प्लॉटमध्ये खुरपणी करणाऱ्या बायकांकडून. म्हणून तो 'आहे'ला 'हाय' म्हणायचा आणि 'नाही'ला 'न्हाई'. मी दर वेळी सुधारून द्यायची. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "चुकलं न्हाई पायजे, काकू." तिन्ही भाषांची त्याची खिचडी इथं जशीच्या तशी वाढत नाही, बरंचसं सरळ मराठीतच लिहिते.

पहिल्याच दिवशी चहा देताना मी विचारलं, गाव कोणतं? तो म्हणाला, बेथलेहेमजवळ राहतो. शेजारच्या ख्रिस्ती बाई त्या वेळी आमच्याकडेच बसल्या होत्या. त्यांचा हात बशीवरच थांबला. त्यांनी आयुष्यभर नाताळात ज्या गावाची गाणी म्हटली, त्या गावाचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात पार्लेजी बुडवून खात होता. त्यांनी घरी जाऊन डबाभर करंज्या आणल्या. तो लाजला आणि म्हणाला, मी मुसलमान आहे, आणि तसा बेथलेहेमचाही नाही, फक्त राहतो तिथं.

"राहतोस तिथं, ते कळलं," मी म्हणाले. "पण मूळ गाव?"

आपल्याकडे हा दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो. पुण्यात जन्मलेला माणूसही मूळ गाव शेवगाव सांगतो, आणि त्यात कोणाला खोटं वाटत नाही. पण हा मुलगा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, इथं आल्यापासून सगळे देश विचारतात, धर्म विचारतात, युद्धाचं विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं. मग त्यानं एका गावाचं नाव सांगितलं. त्या गावात तो जन्मला नव्हता, त्याचे वडीलही नव्हते, आणि त्यानं ते कधी पाहिलेलंही नव्हतं.

आता मला राहवेना. मी शाळेतला जुना नकाशा काढला. भूमध्य समुद्र, जॉर्डन नदी, मधला चिंचोळा पट्टा. इतकी वर्षं मी त्यावर छडी ठेवून पुढे सरकले होते. त्यानं वेस्ट बँक आणि गाझा दाखवले. आमचा जिल्हा महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. मी हिशोब केला तर ते दोन्ही मिळून आमच्या निम्म्या जिल्ह्यातही मावत होते. एवढ्याशा जागेचं एवढं मोठं दुःख, असं मी म्हणाले, आणि लगेच वाटलं की हे काही बोलणं झालं नाही. दुःखाला कधी क्षेत्रफळ असतं का.

त्याचं मूळ गाव नकाशात नव्हतं. मोबाईलवरच्या नकाशातही नव्हतं. त्यानं बोटांनी तो मोठा मोठा करत एका हिरव्या ठिपक्यावर नेला. तिथं पाइनची झाडं लावलेली आणि नाव दुसरंच. अठ्ठेचाळीस सालच्या लढाईत, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी, गाव रिकामं झालं. आजोबा तेव्हा लहान होते. चार दिवसांत परत येऊ म्हणून घरच्यांनी दाराला कुलूप लावलं आणि निघाले. नंतर घरं पाडली गेली. घरचे निर्वासितांच्या छावणीत आले आणि तिथलेच झाले. त्या छावणीपासून गाव किती लांब, असं मी विचारलं. तो म्हणाला, इथून नगर आहे तेवढंच. पण परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि परवाना मिळत नाही.

समजूत घालावी म्हणून मी म्हणाले, "अरे, आमच्याही जिल्ह्याचं नाव नुकतंच बदललं. आम्ही अजून नगरच म्हणतो."

"लोकं गेली का मग?"

"नाही. लोक इथंच आहेत."

"मंग येगळं हाय, काकू," तो म्हणाला. रागानं नाही, पण ठामपणे. त्याचं बरोबर होतं, आणि मला थोडं चपराक बसल्यासारखं झालं. त्या काळात टीव्हीवर रोज गाझाच्या बातम्या असत. तो खाली आला की आमचे हे गपचूप रिमोट दाबायचे.

एकदा मी विचारलं, आता त्या गावात काय उरलंय? तो म्हणाला, "सबर."

माझे डोळे भरून आले. आमच्या भिंतीवर शिर्डीची दिनदर्शिका आहे, शिर्डी आमच्याच जिल्ह्यात, आणि श्रद्धा-सबुरी हे शब्द इथं टेम्पोच्या मागेसुद्धा रंगवलेले असतात. मी तिकडे बोट दाखवून म्हणाले, "खरंय बाळा, सबुरी ठेवायलाच हवी." मग त्या शब्दावर छोटंसं व्याख्यानही दिलं, की तो आपल्याकडे अरबीतून आला. तो सगळं ऐकून घेऊन हो हो म्हणाला. मला वाटलं, किती समजूतदार मुलगा. त्याला वाटलं, काकूंना सगळं कळलं.

कळलं ते पुढे, माझ्या भावामुळे. माझं माहेर पाथर्डीकडे, कोरडवाहू. धाकटा भाऊ तिथं शेती करतो. रविवारी दुपारी त्याचा फोन आला. माझे हात पिठात होते म्हणून मी स्पीकर लावला. मुलगा टेबलाशी जेवत होता.

"ताई, गुरुवारी जेसीबी येनार हाय," भाऊ म्हणाला. "जुन्या घराच्या जागंला कांदाचाळ घालतोय. त्यो सगळा साबर काढून टाकतो."

मुलाचा घास हातातच राहिला. "साबर?" तो म्हणाला.

"कोन हाय गं?" भावानं विचारलं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की तो अरबी सबर म्हणतोय, म्हणजे सबुरी.

"सबुरी कशाला म्हनंल त्यो जेवताना? साबर म्हन्तोय त्यो. साबरबोंडं."

मुलानं तोवर मोबाईलवर एक फोटो शोधून माझ्यासमोर धरला होता. फड्या निवडुंग. पाऊलभर लांब चपट्या फांद्या, कडेला रांगेनं फळं. त्यांच्याकडे प्रत्येक गावाला, परसाला याचंच कुंपण असायचं. घरं पाडली, दगड गेले, वर झाडं लावली, तरी निवडुंग मुळातून पुन्हा फुटतो. म्हणून जिथं कुंपण, तिथं गाव होतं असं समजायचं. मी विचारलं होतं काय उरलंय, आणि त्यानं सरळ उत्तर दिलं होतं. मीच त्याला दिनदर्शिका दाखवून मोकळी झाले. आणि साबर हा माझ्या लहानपणचा शब्द! साबरबोंडं खाऊन लाल झालेली जीभ आईला दिसू नये म्हणून मी तोंड मिटून फिरलेली आहे. शाळेत शिकवायला लागले आणि साबराचा निवडुंग झाला. मग कानही शाळेसारखाच ऐकायला लागला.

आमचा साबर आणि त्यांचा सबर एकाच घरचे का, हे मला अजून माहीत नाही. अरबीत या झाडाचं नाव आणि सबुरी एकाच मुळातून आलेली म्हणे. मी विचारलं, हे झाड तुमच्याकडचं ना? तो म्हणाला, न्हाई, आमचंही नाही आणि तुमचंही नाही. अमेरिकेतून गलबतांवरून आलं. शिवाय आता जे ज्यू तिकडे राहतात, तेही तिथं जन्मलेल्या आपल्या पोरांना याच झाडाच्या नावानं ओळखतात. मला हे फार नवल वाटलं. परक्या मुलखातून आलेलं झाड, आणि दोघंही त्यावर बोट ठेवून म्हणतात, हे म्हणजे मी.

मग त्यानं विचारलं, गुरुवारच्या आधी तिथं जाता येईल का. एवढी घाई कशाला, असं मी म्हटल्यावर त्यानं कारण सांगितलं. मधली काही वर्षं परवाना लागत नव्हता, रस्ते खुले होते, तेव्हा आजोबा त्याच्या वडिलांना एकदा गावी घेऊन गेले होते. वडील तेव्हा लहान. आजोबा कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेले, एका ठिकाणी थांबले, आणि म्हणाले, ही आपली वाट. बाकी कुठूनही घुसता येत होतं, पण ते त्या वाटेनंच आत गेले. आता आजोबा नाहीत, आणि वडिलांचं विसरणं वाढत चाललं होतं. फोनवर मुलाचं नाव घेतानाही अडखळायचे. कुंपण आणि वाट मात्र रोज सांगायचे. "बाबांनंतर," तो म्हणाला, "आमच्या घरात ते गाव बघितलेलं कोनी न्हाई." वडिलांना तो बाबाच म्हणत असे, आपल्यासारखं. ते रोज जे सांगतात ते नेमकं कसं दिसतं, हे त्याला बाबांना कळतंय तोवर एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

बुधवारी आमच्या ह्यांनी गाडी काढली. वाटेत शनिशिंगणापूर लागतं. तिथल्या घरांना दारं का नाहीत, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, परंपराच आहे; चौकट असते, पण कवाड लावत नाहीत, कुलूप घालत नाहीत, राखण देवाची. तो बराच वेळ मागे वळून घरं पाहत होता. मग म्हणाला, आमच्या छावणीतल्या खोलीत आजोबांची किल्ली टांगलेली आहे, हाताएवढी. असं गाव असतं तर ती वागवावी लागली नसती. आणि हसला. आमचे हेही गाडी चालवता चालवता हसले.

माहेरी उन्हाळ कांदा निघायला आला होता, तो साठवायला चाळ हवी, म्हणून भावाची घाई. जुन्या घराचे दगड त्यानं कधीच विहिरीच्या बांधकामात घातले होते. उरलं होतं ते नुसतं कुंपण, पुरुषभर उंच, बोंडांनी लाललाल. एक कोपरा ट्रॅक्टरनं आधीच मोडला होता. भाऊ तिथूनच आत शिरला आणि म्हणाला, "या की पावनं, हितनं."

मुलगा आला नाही. तो कुंपणाच्या कडेकडेनं चालू लागला. सावकाश, एक हात काट्यांपासून वीतभर दूर धरून. पलीकडच्या बाजूला, बाभळीपाशी, कुंपणात माणूसभर रुंदीची मोकळी जागा आहे. बैल आणि आम्ही तिथूनच ये-जा करायचो. तिथं तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो सलाम म्हणाला आणि आत गेला. आत भाऊ सोडून कोणीच नव्हतं. भावाला वाटलं आपल्यालाच म्हणाला, म्हणून त्यानं रामराम घातला.

मी त्या वाटेत उभ्या असलेल्या मुलाचा फोटो काढला. आणि खरं सांगते, मला माझ्या घराचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं वाटलं नव्हतं.

भावानं बोंडं मातीत लोळवून, कुसळं काढून, सोलून दिली. मुलगा म्हणाला, आमच्याकडची मोठी आणि पिवळी असतात, ही जास्त आंबट आहेत. तरी खात राहिला. भाऊ त्याच्याकडे बघत होता. मग त्यानंही तोच प्रश्न विचारला, जो आपल्याकडचा कोणीही विचारतो.

"तुमचं गाव कंचं?"

मुलानं बेथलेहेमचं नाव घेतलं नाही. नकाशात नसलेलं ते नाव सरळ सांगितलं. भावानं ते दोनदा घोळवून बघितलं, नीट जमलं नाही.

"मोठं हाय का गाव?"

"गाव न्हाई," मुलगा म्हणाला. "साबर हाय."

भावानं अजून एक बोंड सोललं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

गुरुवारी जेसीबी आला, पुढे कांदाचाळही झाली. माझा भाऊ शेतकरी आहे, कांदा सडवून आठवणी ठेवणं त्याला परवडत नाही, आणि मीही थांब म्हणाले नाही.

त्या गुरुवारनंतर दोन दिवसांनी मुलगा खाली आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. फोटो त्यानं घरी पाठवला होता. आईनं तो बाबांसमोर धरला. बाबांनी पुष्कळ वेळ पाहिला. मग फोन मागून घेतला आणि मुलाला नावानं हाक मारली, न अडखळता. म्हणाले, गेलास तर तू शेवटी.

"मग तू सांगितलंस ना," मी विचारलं, "की हे इथलं आहे?"

तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, सांगणारच होतो. तेवढ्यात बाबांनी विचारलं, वाटेनंच आत गेलास ना? कुंपण मोडून नाही ना गेलास?

"मग?"

"व्हय म्हनलो, काकू. वाटंनंच गेलो."

या वेळी मी त्याचं मराठी सुधारलं नाही.