मामांची शिंकांची गोळी

मामांना जाऊन सव्वा महिना झाला. मी फार्मसीच्या प्रॅक्टिकलला होते, तेव्हा मामींचा फोन आला. "घरी ये बाई," एवढंच म्हणाल्या... मला कळलं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पिशोर गावाहून शिकायला आले ती शहरात चिकलठाण्याला मामांच्या दोन खोल्यांत राहिले. मामा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. पाकिटावर एक्सपायरीची तारीख नीट उमटली का, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर दर रविवारी गल्लीतल्या बायका घरातली औषधं पिशवीत घालून आणायच्या, मामा भिंग लावून तारखा वाचायचे. लग्नाची पत्रिका आली तरी भिंगातून बघून "अजून चालती" म्हणायचे. शिंकांच्या गोळीबाबत मात्र त्यांचा हट्ट होता, आपल्या कारखान्याचीच घ्यायची. त्यासाठी लोकांना पार शहागंजापर्यंत पाठवायचे.

पहिल्या वर्षी मी तोंडी परीक्षेत नापास झाले. येत होतं, पण तोंड उघडेना. पुन्हा तसंच झालं तर शिक्षण बंद, असं घरी ठरलेलं. मामा म्हणाले, "रविवारी तू बोलायचं. मी गप."

पहिल्याच रविवारी शेजारच्या आक्का दुसऱ्या कंपनीची गोळी घेऊन आल्या. "शिंकांना ही चालंल का गं?" मी मामांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी अडखळत सांगितलं, की या औषधाचं पेटंट कधीच संपलंय, आता परवाना असलेली कोणतीही कंपनी ते बनवू शकते, आतलं औषध तेच.

"पेटंट संपलं म्हंजी गोळी शिळी झाली की."

"नाय आक्का. पेटंट म्हंजी एकाच कंपनीनं बनवायचा हक्क. गोळी बाद होती ती पाकिटावरच्या तारखेनं."

सगळ्या मामांकडे बघायला लागल्या...

"मग मी इतकी वर्षं लोकांना उगंच हिंडवलं म्हण की."

"व्हय," माझ्या तोंडून गेलं.

मामा इतके हसले की त्यांनाच शिंका सुरू झाल्या. आक्कांनी गोळी पुढं केली. "घ्या, भाचीनं पास केलीय."

"आधी तारीख बघू," मामा म्हणाले.

पुढची तोंडी परीक्षा मी पास झाले. पण मामा चारचौघांत हसले तरी त्यांना मनातून पटलं होतं का, ही शंका मला राहिलीच होती. परवा मामींनी त्यांचा सदरा धुवायला काढला. खिशात शिंकांच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, दुसऱ्याच कंपनीचं. दहातल्या सहा गोळ्या घेतलेल्या होत्या.