ह्यांचे शर्ट बोहारणीकडे गेले

मैत्रिणींनो, कसबा, शनिवार किंवा नारायण पेठेत आज तुमच्या दारात बोहारीण आली असेल, तर हे जरूर वाचा.

लहानपणापासून मला शिवणाचं वेड. वाचायला शिकले तीही शिवणाच्या मासिकांवरून, एकेक अक्षर लावत. आमच्या ह्यांनी कधी तयार शर्ट घातला नाही, सगळे मीच शिवलेले. ते गेल्यावर त्या शर्टांची गोधडी करायचं ठरवलं, पण कात्री लावायचा धीर होईना. पिशवी कपाटात तशीच राहिली.

आज सकाळी धीर केला. देवळातून आल्यावर कापायला बसू म्हणून पिशवी दाराशी काढून ठेवली. परत आले तर तिथे स्टीलचा डबा.

"आई, बघा तरी, जुन्या कपड्यांवर केवढा डबा मिळाला!" सून खुशीत होती. मग माझा चेहरा बघून घाबरली. "अहो, मला वाटलं तुम्ही टाकायलाच काढलेत."

तिला तरी काय ठाऊक? दुपारभर आम्ही दोघी गल्लीबोळ फिरलो. बोहारीण सापडली नाही.

प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याचा एक टाका आहे, इस्त्रीवाल्याकडे ओळखू यावा म्हणून घातलेला. ती बोहारीण कुणाला भेटली तर थांबवून ठेवाल का? डबा परत देते. घरातलं हवं ते भांडं देते.

एकच शर्ट मिळाला तरी चालेल. त्याला आता कात्री लावणार नाही.