माझा बाप दारू प्यायचा नाही

स्टेजवर माझा बाप पेटीला लाथ मारत होता.

पेटी खोटी होती. बापही खोटा. फाटकं बनियन, लाल डोळे, हातात बाटली. तो लाथ मारायचा आणि कोपऱ्यातली परकरातली मुलगी किंचाळायची. ती मुलगी म्हणजे मी. थेटर भरलेलं. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. माझ्या मागच्या रांगेतली एक बाई रडत होती, नाक ओढत.

शेजारी आई बसलेली. पंच्याहत्तरीची. जन्मात पहिल्यांदा ठाण्याच्या नाट्यगृहात, एसीत, दुसऱ्या रांगेत. पदर अंगाभोवती घट्ट लपेटून. तिनं माझं मनगट धरलं.

"ह्यो कोन गं?"

मी स्टेजकडेच बघत राहिले.

"कोन हाय ह्यो? तुजा बाप दाखवलाय व्हय?"

"हळू बोल, आई."

एवढंच म्हणाले मी. हळू बोल. भरल्या थेटरात माझ्या बापाची लक्तरं टांगली जात होती आणि मी माझ्या आईला गप्प बसवत होते. आजूबाजूच्या लोकांना त्रास नको म्हणून.

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते. एकट्यानं लिफ्टमध्ये चढायला घाबरते. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की माझे तळहात ओले होतात. मुख्याध्यापिकांनी ऑफिसात बोलावलं की जिना चढता चढता मी काय चुकलं ते शोधत जाते. गाताना तेवढी भीती वाटत नाही. गाणं संपलं की ती परत येते.

माझा बाप वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर होता. डाव्या हाताची दोन बोटं मशीननं खाल्लेली. उरलेल्या तीन बोटांनी पेटीचा भाता मारायचा आणि उजव्या हातानं वाजवायचा. जयंतीला आमच्या वस्तीत त्याचीच गाणी. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा. दारू सोडा म्हणून सांगणारी त्याची तीन गाणी आहेत. बाप आता नाही, पण मला तिन्ही पाठ आहेत. त्या माणसाच्या हातात बाटली दिली नाटकवाल्यांनी.

नाटक संपलं. टाळ्या थांबेनात. मग शर्वरी मॅडम स्टेजवर आल्या. त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच बसवलेलं. म्हणाल्या, "ज्यांच्या आयुष्यावरून हे संगीत नाटक सुचलं, त्या आज आपल्यात आहेत." दिवा माझ्यावर आला. आईनं हात सोडला माझा. मी वर गेले. शाल, नारळ, फुलं. माझं काम केलेली पोरगी माझ्या पाया पडली. मॅडमनी माइक दिला.

"कसं वाटलं, ताई?"

मी म्हणाले, "छान झालंय."

"दोन ओळी म्हणा ना."

मी दोन ओळी म्हटल्या. बापाच्याच. लोक उभे राहिले. आई बसून होती.

हे सगळं सुरू झालं शाळेत. शीळफाट्याकडच्या एका मोठ्या शाळेत मी संगीत शिकवायचे. कॉन्ट्रॅक्टवर, दर वर्षी नेमणुकीचं नवं पत्र. शर्वरी मॅडम तिथल्या सांस्कृतिक समितीवर. संस्थेत त्यांच्या घरचीच माणसं. गॅदरिंगला त्यांनी माझं गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, तुमची गोष्ट ऐकायची आहे मला.

आमच्या कल्याणच्या घरी त्या पाच-सहा वेळा आल्या. खाली चटईवर बसल्या. आईच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी मागून घेऊन खाल्ली. आईच्या गुडघ्याला लावायला तेल आणलं. वाईट बाई नव्हत्या त्या. हेच सांगायला अवघड जातं. वाईट असत्या तर मी सावध राहिले असते.

त्यांनी मोबाईल आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला, रेकॉर्डिंग लावलं, आणि मी बोलत गेले. माझं कुणी इतकं कधी ऐकलंच नव्हतं.

मी त्यांना पडद्याचं सांगितलं.

सहावीत होते. ठाण्यातली शाळा. गॅदरिंगला स्वागतगीत मी म्हणायचं ठरलेलं. संगीताच्या सरांनी महिनाभर घोटून घेतलं. आदल्या दिवशी म्हणाले, "तू पडद्यामागून म्हण. पुढे ती उभी राहील." ती म्हणजे एका डॉक्टरांची मुलगी. गोरी, लांब वेण्या. मी विचारलं, का सर? सर पेटीकडे बघत म्हणाले, "पाहुणे येणार आहेत. बरं दिसत नाही."

काय बरं दिसत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. आमच्या वस्तीतल्या पोरांना ते सांगावं लागत नाही.

बाप अर्धी सुट्टी टाकून आलेला. इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर. गाणं सुरू झालं. स्टेजवर दुसरी मुलगी तोंड हलवत होती आणि आवाज माझा. बापानं आवाज ओळखला. पडद्याच्या फटीतून मला तो दिसत होता. मान उंच करून मला शोधत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घरी आल्यावर त्यानं पेटी बंद केली. कापडात बांधून फळीवर ठेवली. आठ दिवस शिवला नाही. नवव्या दिवशी कामावरून आला, पेटी खाली काढली, माझा हात धरून वस्तीच्या चौकात घेऊन गेला. लोक नळावर होते. म्हणाला, "इथं उभी राहून म्हण. सगळ्यांनी तोंड बघू दे तुझं." मी रडत रडत तेच स्वागतगीत म्हटलं. तेव्हापासून मी गाते.

हे मी मॅडमना सांगितलं. सांगताना मी रडले. त्याही रडल्या.

आणि नाटकात काय? नाटकात ती मुलगी आपणहून पडद्यामागे जाते. मैत्रिणीला स्टेजवर उभं राहायची हौस आहे म्हणून. "तुझा चेहरा, माझा सूर" असं दोघींचं गोड गाणं आहे त्यावर. बाप दारू पिऊन पेटी फोडतो. मग सर येतात, देवमाणूस, वस्तीच्या चिखलातून चालत येतात आणि मुलीला बाहेर काढतात. शेवटी ती सरांच्या पायावर डोकं ठेवते. तिथं सगळ्यात जास्त टाळ्या.

माझ्यावर झालेला अन्याय त्यांनी माझा मोठेपणा करून टाकला. आणि माझ्या बापाचा मोठेपणा सरांना देऊन टाकला.

त्या रविवारी प्रयोगाहून आम्ही दोघी घरी आलो. आईनं साडी बदलली, चहा नको म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून विचारलं, "तू सांगितलंस का तिला तसं?"

"नाही गं आई. मी असं कशाला सांगेन?"

"मग तिला कुटनं कळलं?"

"कळलं नाही. त्यांनी बनवलं."

"बनवलं? आनि तू वर जाऊन शाल घेतलीस."

त्यानंतर आई माझ्याशी बोलेना. जेवायला वाढायची, गोळ्या दिल्या की घ्यायची. पण शब्द नाही. मला झोपेतून दचकून जाग यायची. आई अशीच गेली तर? माझ्याबद्दल हे मनात ठेवून गेली तर? दुसरी कुठलीच भीती एवढी मोठी नव्हती.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाळकुमला गेले. मॅडमचा टॉवर. वॉचमननं नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, वर फोन केला, मग आत सोडलं. सतराव्या मजल्यावर जाईपर्यंत मी काय बोलायचं ते तोंडातल्या तोंडात म्हणत होते. दार उघडलं आणि सगळं विसरले.

मॅडमनी सरबत दिलं. मी म्हणाले, "मॅडम, माझे वडील दारू पीत नव्हते."

"माहितीये ना मला. पण ते तुमचे वडील नाहीयेत, ताई. ते कॅरॅक्टर आहे. सगळं काल्पनिक आहे, आपण सुरुवातीलाच जाहीर करतो."

"पण बोर्डावर लिहिलंय, एका खऱ्या गायिकेच्या आयुष्यावरून."

"हो, प्रेरित. फरक असतो." त्या हसल्या. "अहो, प्रेक्षकांना संघर्ष लागतो. सगळेच चांगले दाखवले तर नाटक उभंच राहणार नाही."

मी खूप जोर लावून म्हणाले, "मग सरांना वाईट दाखवा. खरं तर वाईट तेच वागले."

मॅडमचं हसू गेलं. "नाही हो, ते नाही करता येणार. सर नावाजलेले होते. त्यांच्या घरचे लोक आहेत. ते कोर्टात जातील."

मग त्यांनी मला आठवण करून दिली की मी एका कागदावर सही केलेली आहे. खरंच केलेली. इंग्रजीत होता. मी वाचला नव्हता. वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटलेली.

मी सरबत संपवलं. थँक्यू म्हणाले. हो, थँक्यू म्हणाले मी.

लिफ्टमध्ये एकटी होते. लिफ्ट खाली जायला लागली आणि ते वाक्य डोक्यात वाजायला लागलं. त्यांच्या घरचे लोक आहेत. मग मी कोण? आई कोण? माझ्या बापाला घरचे लोक नाहीत? त्याचं नाव खराब झालं तर कुणी येणार नाही हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं होतं. हिशेब बरोबरही होता. मी त्यांच्या घरात बसून सरबत प्यायले होते.

खाली उतरले तेव्हा मी भिंत धरून चालत होते. वॉचमननं विचारलं, "मॅडम, ठीक आहात ना?" मला वाटलं ही भीती आहे. भीती होतीच. पण त्यात आणखी काहीतरी होतं, ते मला नवीन होतं.

दोन आठवड्यांनी कल्याणला प्रयोग लागला. रविवारी दुपारी. मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "शाळेचं नाव होतंय. तुम्ही जा, सुरुवातीला दोन ओळी गा. मॅडमची तशी इच्छा आहे." नवं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त टेबलावरची फाईल सरळ केली.

मी आईला सांगितलं, जाते. आई म्हणाली, "जा. गाऊन ये." तेवढेच शब्द. चाबकासारखे.

विंगेत उभी होते तेव्हा मला दोनदा बाथरूमला जावं लागलं. तोंडाला कोरड. माझं काम करणारी पोरगी म्हणाली, "ताई, पाणी देऊ?" मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नव्हतं.

पडद्यापुढे माइक होता. मॅडमनी छान ओळख करून दिली. टाळ्या. मी माइकपाशी गेले. समोर अंधारात डोकीच डोकी. मला वाटलं आता मी गाणार. तोंड उघडलं की गाणंच येणार, दुसरं मला काही येत नाही.

मी म्हणाले, "माझ्या वडलांचं नाव किसन."

आवाज फाटला. परत म्हणाले.

"माझ्या वडलांचं नाव किसन. ते वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. ते शाहीर होते. आता तुम्ही या नाटकात जो दारुडा बघणार आहात, तो माझा बाप नाही. माझा बाप दारू प्यायचा नाही."

विंगेतून मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, गाणं."

"मी मैत्रीसाठी पडद्यामागे गेले नव्हते. मला सरांनी मागे उभं केलं. कारण मी वस्तीतली होते."

माइक बंद झाला. स्पीकरमधून टक् असा आवाज आला. पळावं वाटलं. पण मी वस्तीत वाढलेय. माइक आमच्याकडे जयंतीलाच यायचा. एरवी शेवटच्या घरापर्यंत छातीनंच पोचवायचं असतं. मी पोटातून आवाज काढला.

"पेटी माझ्या बापानं फोडली नाही. त्यानं मला चौकात उभं केलं आणि गायला लावलं. मला सरांनी बाहेर काढलं नाही. बापानं काढलं."

कुणीतरी ओरडलं, "नाटक सुरू करा!" दुसरा कुणी म्हणाला, "बोलू द्या की त्यांना." मग बरेच आवाज एकत्र. मी विंगेत गेले नाही. समोरच्या पायऱ्या उतरले, खुर्च्यांच्या मधून चालत गेले. आधाराला प्रत्येक रांगेला हात लावत गेले. एकानं पाय आत घेतले, माझा स्पर्श होऊ नये तसे. एक बाई उठून माझ्यामागोमाग बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली, मग निघून गेली.

नाटक सुरू झालं. बाहेर ऐकू येत होतं. पेटीला लाथ बसली, मुलगी किंचाळली, सर आले. शेवटी टाळ्या पडल्या. पहिल्यासारख्याच.

घरी आले. आई तांदूळ निवडत होती.

"गायलीस?"

"नाही."

तिनं वर बघितलं. मी सगळं सांगितलं. माइक बंद केला तेही. ती ऐकत होती. मग विचारलं, "त्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"समद्यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. म्हणाली, "आता त्ये लोक तुला सोडनार न्हाईत." तिच्या आवाजात मला बरं वाटावं असं काही नव्हतं. तीही घाबरलेली. पण माझ्याशी बोलत होती.

आईचं खरं झालं. सोमवारी शाळेनं सांगितलं, यंदा संगीत बाहेरच्या संस्थेकडे दिलंय. आठवड्यानं वकिलाची नोटीस आली. इंग्रजीत. या वेळी मी न वाचता ठेवून दिली नाही. वस्तीतल्या एका वकील पोरीकडे गेले आणि ओळ न् ओळ मराठीत करून घेतली. मी खोटं बोलले असं त्यात लिहिलंय. मी माफी मागावी असं लिहिलंय. प्रयोगाच्या जागी पुन्हा बोलू नये असंही लिहिलंय.

नोटीस वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दाराची कडी वाजली की अजून छातीत धडकी भरते. कोर्ट मी फक्त बाहेरून बघितलंय. मला काय होईल, माहीत नाही. आईचं काय होईल, माहीत नाही.

माफी मागणार नाही. उत्तर पाठवलंय, मराठीत, खाली माझी सही. येत्या रविवारी डोंबिवलीला प्रयोग आहे. मी तिकीट काढलंय. बाप बाटली घेऊन स्टेजवर आला की मी उठून उभी राहणार आणि जे खरं आहे ते म्हणणार. बाहेर काढलं तर दारात उभी राहून म्हणणार. आत येणाऱ्याला, बाहेर जाणाऱ्याला. त्याच्या पुढच्या प्रयोगाला पण. जोपर्यंत हे नाटक चालेल तोपर्यंत त्यांना मलाही चालवून घ्यावं लागेल.

अंग कापेल. कापू दे. माझा बाप दारू प्यायचा नाही.