दोन बोटं रुंद छाती

माझी मावशी पुरुष घडवते. हसू नका, पगार त्याचाच मिळतो तिला. कापडदुकानांच्या काचेमागे शर्ट घालून उभे असतात ना, ते पुतळे. साच्यातून निघालेल्या धडावर प्लास्टरचा शेवटचा थर ती हाताने चढवते आणि खांदे-छाती घासून आकाराला आणते. सगळं नजरेच्या मापावर. टेप लाव म्हटलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

यंदा सहा पुतळे परत आले. छातीवर शर्टाची बटणंच लागेनात. कारखान्याच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं, पुढची खेप एकसारखी नसेल तर हे काम यंत्रावर जाईल. मावशीचं जेवणावरचं लक्ष उडालं. नजर गेली माझी, एवढंच म्हणायची.

मी सुट्टीत तिच्याकडे आले होते. कारखान्यात जाऊन सगळ्या पुतळ्यांची छाती टेपने मोजून काढली. प्रत्येकाच्या तळाशी तिने पेन्सिलने तारीख घातलेली असते. रुंद छातीचे पुतळे बरोबर चार-चार आठवड्यांच्या अंतराने आलेले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती पाळीच्या तारखेला गोल करते. दोन्ही तारखा शेजारी मांडल्या आणि हिशेब जुळला. पाळीनंतर दहा-बारा दिवसांनी मावशीचे पुरुष भरदार व्हायचे, आठवड्याभराने पुन्हा बारीक.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीजांड सुटण्याच्या दिवसांत बायकांची नजर भरदार अंगाकडे वळते असं काही संशोधकांना आढळलंय, काहींना मुळीच नाही. तेव्हा शपथेवर सांगत सुटू नकोस.

हे सांगितलं तर मावशी भडकली. "मी काय सोळा वर्षांची आहे?" म्हणाली, आणि मुद्दाम त्याच दिवसांत नवी खेप करायला बसली. प्लास्टर अगदी हात आखडून लावत होती. प्रत्येक पुतळा चारदा लांब जाऊन बघितला. सगळे नेहमीसारखेच आहेत, याची तिला खात्री होती. मग मी टेप लावला. दोन बोटं जास्त. एकूण एक.

 मावशी स्वतःच उठून मालकांकडे गेली आणि काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मालक कानापर्यंत लाल झाले. शेवटी टेबलाकडे बघत म्हणाले, "कारण राहू द्या, बाई. मोठ्या मापाचे तेवढे वेगळे ठेवत जा, मोठ्या शर्टांना लागतील."

काम राहिलं. निघताना मावशी नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी होती. मला वाटलं रडतेय. पण ती थक्क झाली होती.

"इतकी वर्षं माझ्या आत कुणीतरी दिवस मोजतंय," ती म्हणाली, "आणि मला एकदाही विचारलं नाही गं."