भिंगबाई आणि अंगणाचा कोपरा

कापडाच्या गिरणीत त्यांनी सगळी नोकरी एकाच टेबलापाशी काढली. टेबलावर काच, काचेखाली दिवा आणि काचेवरून सरकत जाणारं कापड. कुठे गाठ आलीय, कुठे धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग धुऊन लपवलाय, ते हुडकून काढायचं. हातात कायम एक पितळी भिंग असायचं, म्हणून गिरणीत त्यांचं नाव पडलं भिंगबाई. निवृत्त होताना भिंग त्यांनी गिरणीत जमा केलं, पण नजर तेवढी घरी घेऊन आल्या.

त्या नजरेचा ताप घरच्यांना होता. दूधवाला हसून बोलला की भिंगबाई दूध उकळून बघणार. कुणी न मागता मदत केली की त्या रात्रभर विचार करणार, याला माझ्याकडून काय हवंय? त्यांचा नवरा शांत माणूस. तो म्हणायचा, "हिला देव प्रसन्न झाला तर ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल."

दोघांनी सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं आणि म्हातारपणी गावाबाहेर स्वतःचं घर बांधलं. घर झालं, रंग झाला, पण अंगण म्हणजे नुसतं रणांगण. ट्रकच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या, घट्ट झालेल्या सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, मातीचे ढीग. सुट्टीत लेकीची मुलं आली तर पाय मुरगळून घेतील अशी अवस्था. ते सपाट करून हिरवळ लावायची, एवढीच भिंगबाईंची इच्छा होती.

घर बांधणारा कंत्राटदार किल्ल्या द्यायला आला तेव्हा विषय निघाला. तो म्हणाला, "ताई, काही खटाटोप करू नका. ढेकळं फोडायची, वरून रोलर फिरवायचा, खडी टाकायची. संपलं! रोलर मी पाठवतो. आणि मुख्य म्हणजे उकरत बसू नका, घराच्या पायाला धक्का लागेल."

"रोलर तुम्ही पाठवणार? असाच?"

"असाच. तुमचं घर म्हणजे माझं घर."

भिंगबाईंचे कान तिथेच टवकारले. ज्या माणसाने जिन्याची एक फरशी बदलून देताना कपाळाला आठ्या घातल्या, तो रोलर पाठवणार?

दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा दीर आला. त्याची गावाच्या दुसऱ्या टोकाला रोपवाटिका होती आणि जवळ एक छोटा ट्रॅक्टर. अंगणाचं काम त्याच्याच ट्रॅक्टरने करायचं, हे घरात धरूनच चाललं होतं. त्याने अंगणात एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, मला वाटतं रोलरच पुरेल. ओढला की झालं."

"भावजी, एवढे उंचवटे आहेत. रोलर ते काढेल की दाबेल?"

"दाबेल म्हणजे... बसेल ना माती हळूहळू." एवढं बोलून तो नजर चुकवून रोपांबद्दल बोलायला लागला.

आता मात्र भिंगबाईंच्या डोक्यात संशयाने घर केलं. याच दिराने तो कंत्राटदार शोधून दिला होता. दोघांची जुनी ओळख. आणि दोघांच्या तोंडी एकच शब्द, रोलर. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, कुठेतरी पाणी मुरतंय."

"अगं, माझा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणूनच तुम्हाला दिसत नाही."

पाणी खरोखरच एका ठिकाणी मुरत होतं, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पाऊस पडून गेला की अंगणभर डबकी साचायची, चाकोऱ्या तर दिवसभर भरलेल्या. पण मागच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात थेंब टिकत नसे. पाऊस थांबला की तेवढा भाग कोरडा. तिथली माती इतर मातीपेक्षा थोडी लालसर होती, आणि टाचेने ठोकलं की आवाज वेगळा यायचा. की त्यांनाच तसं वाटायचं? सांगितलं असतं तर घरचे हसले असते. भिंगबाईंना हसणाऱ्यांचा कंटाळा आला होता.

त्या एकट्याच अवजारं भाड्याने देणाऱ्याकडे गेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरला जोडायची अवजारं रांगेने उभी होती. अवजारवाला चहा पीत बसला होता. भिंगबाईंनी सरळ विचारलं, "अंगण सपाट करायचंय. काय लागेल?"

"जमीन कशी आहे?"

त्यांनी सांगितलं. तो उठला आणि एकेका अवजारावर हात ठेवत बोलायला लागला. "हे मागचं पातं. सैल माती ढकलायला चांगलं, पण घट्ट जमिनीवर नुसतं घसरतं. हा रोटाव्हेटर. माती पिठासारखी करतो, पण खाली विटा असल्या तर पाती तुटतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. तुम्हाला ही पेटी लागेल." त्याने एका जाडजूड लोखंडी अवजाराला लाथ मारली. दोन्ही बाजू आणि पाठ बंद, पुढे खालच्या अंगाला वाकडे दात. "दात घट्ट जमीन उकरतात, पेटीत माती गोळा होते, उंचवट्याची माती खळग्यात जाऊन पडते. मग दाताळ्याने खडे वेचायचे. रोलर सगळ्यात शेवटी."

"रोलर आधी फिरवला तर?"

"तर पापडासारखा वर थर येईल आणि खाली सगळं तसंच. कोण म्हणालं आधी रोलर?"

"आहेत दोघं. त्यातला कंत्राटदार तर रोलर फुकट देतोय." भिंगबाईंनी त्याच्याकडेही रोखून बघितलं. "तुम्हाला तीन अवजारं भाड्याने खपवायचीत म्हणून तर नाही ना सांगत?"

अवजारवाला हसला. "खपवायचीत की. पण रोलर कंत्राटदाराचा घ्या, दाताळं शेजाऱ्याचं घ्या. पेटी तेवढी माझी न्या."

या उत्तरात त्यांना खोट सापडली नाही, आणि त्यामुळे त्या जराशा अस्वस्थच झाल्या. तरी पेटी ठरवून आल्या.

दिराला निरोप धाडला तर त्याच्याकडून कारणंच यायला लागली. आज पाठीत चमक भरलीय, उद्या रोपांची गाडी यायचीय, परवा ट्रॅक्टरचं चाक बघायचंय. भिंगबाईंचा संयम संपला. त्या थेट रोपवाटिकेत गेल्या. दीर बाहेर गेला होता, जाऊ पिशव्यांत माती भरत बसली होती. भिंगबाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता विचारलं, "तुझ्या नवऱ्याला कंत्राटदाराने काय कबूल केलंय?"

जावेचे हात थांबले. "म्हणजे काय, ताई?"

"माझं अंगण उकरलं जाऊ नये म्हणून दोघं जिवाचं रान करतायत. काहीतरी देणंघेणं असल्याशिवाय?"

जाऊ उठली, हात झटकले आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही आता जा." तिचा चेहरा पांढरा पडला होता. भिंगबाई निघाल्या खऱ्या, पण वाटेत त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण बोललो ते परत घेता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दीर ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. अवजारवाल्याचा टेम्पो पेटी उतरवून गेला होता. दिराने ती ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांना जोडली, सीटवर बसला आणि दांडा ओढला. पेटी कण्हत वर उठली. क्षणभर टिकली. मग जड झोप लागलेल्या माणसाच्या मानेसारखी हळूहळू खाली आली. त्याने पुन्हा उचलली. पुन्हा खाली. मागच्या बाजूने तेलाची धार लागली होती.

"हे असंय, वहिनी," दीर खाली मान घालून म्हणाला. "याची लिफ्ट गेलीय. जड काही उचलत नाही. रोलर नुसता ओढायचा असतो, उचलावा लागत नाही, म्हणून रोलर, रोलर करत होतो. दादासमोर सांगायची लाज वाटली. त्याने नको म्हटलं असताना मी हा जुना ट्रॅक्टर घेतला होता."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. भिंगबाईंना हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर जावेचा चेहरा आला. त्यांनी नुसतं विचारलं, "आणि कंत्राटदार?"

"त्याचं मला काय माहीत? तो रोलर का म्हणतो ते त्याला विचारा."

म्हणजे दोन धागे होते, आणि भिंगबाई त्यांना एकच गाठ समजल्या होत्या. त्यातला एक धागा तर साधा निघाला. दुसरा?

अवजारवाल्याला फोन केला तसा त्याने आपला ट्रॅक्टर आणि चालक पाठवला. काम सुरू झालं. दात जमिनीत घुसले की करकर आवाज व्हायचा आणि सिमेंटचे गोळे, वाकलेल्या सळया, फाटक्या गोण्या वर यायच्या. पेटीत माती गोळा व्हायची आणि चाकोऱ्यांत पडायची. दुपारपर्यंत समोरचं अंगण ओळखू येईना.

चालक मागच्या कोपऱ्याकडे वळला तशा भिंगबाई पुढे धावल्या. "तिकडे चाक नेऊ नका!"

"का हो?"

"मला शंका आहे."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण चालक भला होता. "ठीक. उलटा येतो. पेटी चाकांच्या मागे असते, चाकं लांबच राहतील." त्याने ट्रॅक्टर मागे मागे घेतला, पेटी लालसर मातीवर टेकवली आणि पुढे ओढली.

दातांत एक लांब फळी अडकून आली. मग दुसरी. मग माती सरसर खाली जायला लागली, आणि जिथे जमीन होती तिथे काळं भोक दिसलं. चालकाने ट्रॅक्टर पुढे काढला आणि इंजिन बंद केलं. दिराने एक वीट उचलून आत टाकली. आवाज यायला वेळ लागला.

जुना पाण्याचा हौद होता तो. खोल, दगडी बांधणीचा. तो भरून घेण्याऐवजी तोंडावर फळ्या आणि पत्रे टाकून वर माती ओढली होती. फळ्या कुजायला लागल्या होत्या.

दीर भोकाच्या कडेवरून मागे सरकला. "वहिनी, मी रोलर घेऊन आलो असतो तर त्याच्यावरूनच गेलो असतो."

कंत्राटदाराला बोलावलं. तो आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे! हे कुठून आलं? आम्हाला तर कल्पनाच नव्हती."

भिंगबाईंनी वर आलेली एक फळी त्याच्यासमोर धरली. स्लॅबच्या फळ्या इतरांच्या फळ्यांत मिसळू नयेत म्हणून तो त्यांच्या कडा निळ्या रंगवायचा, हे त्यांनी घर बांधताना पाहिलं होतं. या फळीची कडाही निळी होती. कंत्राटदाराने फळी बाजूला सारली.

"कामगारांनी केलं असेल," तो पुटपुटला.

"असेल. आता तुम्ही भरा. मी इथे खुर्ची टाकून बसते."

आणि त्या खरोखर बसल्या. दगड, मुरूम, थरावर थर, प्रत्येक थर ठोकून. हौद भरेपर्यंत त्या रोज खुर्चीवर असायच्या. आता घरात त्यांना कुणी हसत नव्हतं. पण शेजारीपाजारी "तुमची नजर म्हणजे नजर" म्हणायला आले तेव्हा त्यांना ते ऐकवेना. एक माणूस त्यांनी बरोबर ओळखला होता आणि एक साफ चुकीचा, आणि चुकीचा होता तो घरचा.

त्या रोपवाटिकेत गेल्या. जाऊ तिथेच, तशीच माती भरत बसली होती. भिंगबाई उभ्या राहिल्या. माफी मागायची सवय नव्हती.

"मी भावजींबद्दल बोलले ते चुकलं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला बोलले ते तर फारच."

जावेने वर बघितलं नाही. "हे त्या रात्री जेवले नाहीत, ताई. लिफ्टचं तुम्हाला सांगितलं नाही म्हणून मी पण त्यांनाच बोलले. तुमच्यामुळे."

"हो."

"मला अजून राग आहे."

"असू दे. तुझा हक्क आहे."

जावेने हातातली पिशवी भरून बाजूला ठेवली. मग तिने शेजारची रिकाम्या पिशव्यांची चळत भिंगबाईंकडे सरकवली. भिंगबाई पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि माती भरायला लागल्या. जाऊ म्हणाली, "जास्त दाबू नका, मुळं गुदमरतात." भिंगबाईंनी का, कशावरून, असं काहीही विचारलं नाही आणि पुढची पिशवी सैल भरली.