पडद्याची तार

दोन हजार सहा सालच्या श्रावणात संघप्रियाबाईंना रविवारची भीती वाटू लागली.

बाई राहायच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आणि रोज एसटीनं हुपरीला जाऊन शाळेत विज्ञान शिकवायच्या. अंगानं किरकोळ, बोलणं हळू. फळ्यावर आकृती काढताना त्यांचा हात कधी चुकला नाही. धास्ती सुरू व्हायची ती वर्ग सुटल्यावर. आज कुणाला काय वाटलं असेल, हा एकच प्रश्न घेऊन त्या परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसायच्या.

त्या वर्षी त्यांच्या शाळेतली तेजस्वी दहावीला विज्ञानात नापास झाली. तिचं घर चांदीची पैंजणं घडवणाऱ्यांचं. आई बयाबाई दिवसभर कड्या जोडायची, वडील आकाराम भट्टीशी. ऑक्टोबरच्या परीक्षेत पोरगी निघाली नाही तर तिला कायमची कामावर बसवायची आणि दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं घरात ठरलं होतं. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, रविवारी माझ्याकडं पाठवा, जादा तास घेते.

तास घरी नव्हता. मे महिन्यातल्या प्रशिक्षणात बाईंनी पाहिलं होतं, की लांबच्या कुठल्या देशातल्या शिक्षकांनी इंटरनेटवर धडे ठेवलेत. कुणीही उघडावेत, फी नाही, नावही विचारत नाहीत. त्यात भिंगाचा एक धडा होता. पुस्तकातली मेणबत्ती छापली तिथंच उभी असते. ही माऊसनं सरकवता यायची, आणि ती सरकली की भिंगापलीकडची प्रतिमा लहानमोठी व्हायची, उलटायची. मजकूर इंग्रजी. बाई वाचून मराठीत सांगायच्या.

पण त्यासाठी जावं लागायचं गल्लीच्या तोंडाशी, सूरजच्या नेट कॅफेत. प्लायवुडची खोपटी आणि प्रत्येकाला जाड मरून पडदा. त्या पडद्यांमागं काय चालतं याबद्दल लोक नको ते बोलायचे, म्हणून हुपरीत बाईंनी नेट कॅफेचं नावच काढलं नाही. आपण खोटं बोललो नाही, असं त्या स्वतःला सांगायच्या. तेवढ्यानं भागायचं नाही.

मग एका रविवारी आकारामच्या चुलतभावानं, केरबानं, तेजस्वीला पडदा सारून बाहेर येताना पाहिलं. बाई तिच्या मागोमागच होत्या. त्या केरबाला दिसल्या नाहीत, किंवा दिसून दिसल्या नाहीत.

आठवडाभर कुणी काही म्हणालं नाही. तेच वाईट होतं. हुपरीत स्टँडपासून शाळेपर्यंत घराघरांतून हातोड्यांचे बारीक आवाज यायचे, आणि आपण दारावरून गेलो की ते थांबतात, असं बाईंना वाटायचं. बौद्धवाड्यातून शिकून पुढं आलेल्या बाईची चूक तिच्या एकटीच्या नावावर मांडली जात नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

रविवारी दारात तेजस्वीबरोबर आकाराम उभा. तास कुठं असतो ते दाखवा, एवढंच म्हणाला. चालताना त्यानं एकदाच विचारलं, "फुकट शिकवतंय कोण? फुकट द्यायला त्याचं काय अडलंय?"

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. ते खरं होतं.

दोघी आत बसल्या. आकाराम पडदा हातानं उचलून धरून उभा राहिला. सूरज गल्ल्यावरून म्हणाला, "पावणं, पडदा सोडा की. उघडं बरं दिसत न्हाय."

"असं आत काय चालतंय, की उघडं बरं दिसत न्हाय?"

सूरजनं मान खाली घालून गल्ल्यावरची वही ओढली. आकारामनं खिशातून चांदीच्या तारेचा तुकडा काढला, पडदा गुंडाळला आणि खिळ्याला बांधून टाकला.

तेजस्वीनं मेणबत्ती सरकवली. पलीकडची उलटी झाली.

"उलटी का झाली?" त्यानं विचारलं.

बाई सांगणार होत्या, पण त्यांनी तोंड मिटलं. वर्गात ही पोरगी उभी केली की पायांकडं बघत राहायची. आज तशीच राहिली तर हा शेवटचा रविवार.

"वरचा किरण भिंगातनं वाकून खाली जातोय, आप्पा," ती म्हणाली. "खालचा वर."

"आणि जवळ आणली तर?"

"मग सुलटी, मोठी दिसती. पण कागदावर धरता येत न्हाय."

"पेपरात लिहिशील एवढं?"

"व्हय."

निघताना त्यानं तार सोडून खिशात घातली आणि बाईंकडं न बघता म्हणाला, "आधी सांगायला पायजे हुतं तुमी."

"चुकलं."

"पुढच्या ऐतवारी मी येतो संगं."

त्यानंतर तो दर रविवारी आला. भट्टी बंद ठेवून, स्टुलावर, पोरीच्या पाठीशी. तार बांधायचा, तार सोडायचा. त्याच्या श्वासाच्या आवाजात बाई शिकवायच्या.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी तेजस्वी एकटीच आली. बाईंनी तिच्या मागं गल्लीत दूरवर पाहिलं. मग विचारलं, आप्पा कुठं?

"दिवाळीचा माल द्यायचा हाय," तेजस्वी म्हणाली आणि मूठ उघडली. घामानं ओली झालेली तार. "म्हणाले, बांधून बस. आणि परत आण."

कॅफेत तिनं स्वतःच पडदा गुंडाळला, तारेचे दोन वेढे दिले आणि माऊस हातात घेतला. बाई वाचू लागल्या. दर ओळीला त्यांची नजर दाराकडं जात होती.